प्रकल्प पळवतात म्हणजे काय करतात?

ऑक्टोबर 2022 च्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात एका क्रियापदाला फार मागणी होती: पळवला. हवाई दलासाठी सी-295 जातीची 56 वाहतूक विमानं घेण्याचा सुमारे 21,935 कोटी रुपयांचा करार केंद्र सरकारने सप्टेंबर 2021 मध्ये केला होता. त्यातली 40 विमानं टाटा आणि एअरबस मिळून भारतात बांधणार होते. हा कारखाना नागपूरच्या मिहान या विमानतळ-प्रकल्पात येईल अशी आशा नागपूरकरांना होती, आणि राज्याच्या उद्योगमंत्र्यांनीही सप्टेंबर 2022 मध्ये तसं बोलून दाखवलं होतं. मग कळलं की कारखाना बडोद्याला होणार. 30 ऑक्टोबरला तिथे पायाभरणीही झाली. विरोधक म्हणाले, प्रकल्प पळवला. सत्ताधारी म्हणाले, जागेचा निर्णय आधीच्या सरकारच्या काळातच झाला होता. तारखांवरून हमरीतुमरी झाली, कागद दाखवले गेले. क्रियापदाला मात्र कुणी हात लावला नाही.

मराठीत काय काय पळवतात? पोर पळवतात, गुरं पळवतात, पाकीट पळवतात, एखाद्याची बायको पळवतात. या सगळ्यांत तीन गोष्टी गृहीत असतात. जे नेलं ते आधी आपलं होतं. नेताना त्याची मर्जी कुणी विचारली नाही. आणि नेणारा चोर आहे. 'प्रकल्प पळवला' म्हणणाऱ्याने हे तिन्ही आरोप केले, पण एकही उच्चारला नाही. 'प्रकल्प म्हणजे आमची गाय आणि शेजारचं राज्य म्हणजे गुरंचोर' असं तो उघड म्हणाला असता, तर कुणीतरी लगेच विचारलं असतं, की गाय तुमच्या दावणीला बांधली कधी होती? 'पळवला' या एका शब्दात हा प्रश्न विचारायला जागाच उरत नाही.

पळवण्याची गोष्ट विदर्भाला नवी नाही. अमरावती जिल्ह्यातलं कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर मानतात, आणि तिला नेलं ते थेट द्वारकेला, म्हणजे आजच्या गुजरातेतच. भाऊ रुक्मी म्हणाला, चोरून नेली. पण रुक्मिणीने आधीच कृष्णाला निरोप धाडला होता, की मला येऊन घेऊन जा. म्हणून एकाच प्रसंगाला कुणी 'हरण' म्हणतं, कुणी 'स्वयंवर'. महानुभाव कवी नरेंद्राने आपल्या काव्याला 'रुक्मिणीस्वयंवर' हे नाव दिलं. विमानाच्या कारखान्याच्या बाबतीत असा निरोप कुणी कुणाला धाडला होता, असं विचारलं की 'पळवला' लगेच लंगडू लागतो. (शब्द लंगडतो असं म्हणताना मीही तीच युक्ती वापरली, हे चलाख वाचकाने पकडलं असेलच.)

या युक्तीला आपण गर्भित रूपक म्हणू. उघड रूपकात दोन्ही टोकं समोर असतात: 'मिहान म्हणजे विदर्भाचं इंजिन'. इथे मिहानही दिसतं, इंजिनही दिसतं, आणि पटलं नाही तर वाद घालता येतो. गर्भित रूपकात एक टोक पडद्याआड असतं. ते कळतं ते क्रियापदावरून, एखाद्या विशेषणावरून, क्वचित एखाद्या प्रत्ययावरून. शाळेत आपण अलंकार ओळखतो ते खुणेवरून: 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा, 'सम' किंवा 'परी' दिसलं की उपमा, की एक गुण खिशात. गर्भित रूपकाच्या छातीवर असा बिल्ला नसतो. म्हणून दहावीत अलंकारांत पैकीच्या पैकी मिळवलेला माणूसही सकाळच्या वर्तमानपत्रातल्या एका पानावरची दहा-बारा रूपकं चहाबरोबर गिळून जातो.

संस्कृत साहित्यशास्त्राने या लपाछपीचा कसून विचार केला आहे. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त अतिशयोक्तीचा एक प्रकार सांगितला, ज्यात उपमान उपमेयाला चक्क गिळून टाकतं. या गिळण्याला शास्त्रातला शब्दच 'निगरण' आहे. समोर फक्त चंद्र उरतो, मुखाचा पत्ता नसतो. याच्या उलट समासोक्ती. तिथे समोर उपमेयच असतं, पण त्याची विशेषणं आणि क्रिया अशा बेताने निवडलेल्या असतात, की त्याच्या मागे दुसरंच कुणीतरी उभं असल्याचं जाणवावं. 'पळवला' हा या समासोक्तीचाच बाजारातला भाऊ. अन्योक्ती तिसरीकडे: बोलायचं कावळ्याबद्दल, लागायचं शेजाऱ्याला.

समासोक्तीचा थाट पाहायचा तर नागपूरहून पन्नासेक किलोमीटरवर रामटेकला जावं. 'मेघदूता'तला रामगिरी तो हाच, असं मत नागपूरचे संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडलं. या काव्यात कालिदास आरंभीच एक गंमत करतो. ढग म्हणजे धूर, प्रकाश, पाणी आणि वारा यांचं गाठोडं, ते निरोप कसा नेणार, हा आक्षेप तो स्वतःच घेतो, आणि विरहाने व्याकूळ झालेल्याला सजीव-निर्जीव असा भेद उरत नाही, असं त्याचं उत्तरही देऊन टाकतो. आपल्या रूपकाचा परवाना असा पहिल्या पानावर लावणारे लेखक थोडे. पुढे मेघाच्या वाटेत नद्या येतात. निर्विंध्येच्या पात्रावर पक्ष्यांची रांग कमरपट्ट्यासारखी किणकिणते आणि भोवरा नाभी होतो. गंभीरेचं पाणी काठावरून ओसरतं ते वस्त्र ढळावं तसं. नदी म्हणजे स्त्री, असं समीकरण तो मांडत बसत नाही. नाभी आणि वस्त्र एवढं दिलं की बाकीची स्त्री वाचक स्वतः उभी करतो. ऐकणाऱ्याकडूनच काम करून घ्यायचं, हे गर्भित रूपकाचं खरं बळ. आणि जे आपण स्वतः उभं केलं त्यावर आपण सहसा शंका घेत नाही.

आता रामटेकहून परत मिहानकडे. 2002 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने वर्धा रोडच्या बाजूला 4,000 हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर हा प्रकल्प आखला. शिवणगाव, खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही या गावांची जमीन त्यात आली. 'आली' म्हटलं तर एक चित्र, 'गेली' म्हटलं तर दुसरं. या एका घटनेसाठी तीन शब्द वापरात आहेत, आणि ते शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला सरकारी शब्द: भूसंपादन. 1894 च्या कायद्यालाही आपण मराठीत हेच म्हणायचो, त्याच्या जागी आलेल्या 2013 च्या कायद्यालाही हेच म्हणतो. मराठीत आणखी काय संपादन करतात? विद्या संपादन करतात, यश संपादन करतात, लोकांचा विश्वास संपादन करतात. सगळ्या कष्टाने, गुणांवर मिळवायच्या गोष्टी. त्याच रांगेत जमीन बसवली, की घेणारा आपोआप कर्तबगार ठरतो, आणि देणारा तर वाक्यात दिसतच नाही.

दुसरा शब्दही सरकारीच, पण त्याच्या पोटात अगदी उलटं चित्र आहे: प्रकल्पग्रस्त. ग्रस्त म्हणजे ग्रासलेला, तोंडात घेतलेला. खग्रास ग्रहणात राहू सूर्याला ग्रासतो तो हाच ग्रास. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त आणि प्रकल्पग्रस्त अशी ही ओळ होते. म्हणजे ज्या विकासाची कोनशिला बसवताना नारळ फुटतो, त्याच विकासाला शासनाची भाषा आपल्याच फायलीत पूर आणि भूकंप यांच्या पंगतीला बसवते. 1999 च्या पुनर्वसन अधिनियमाच्या नावातसुद्धा 'प्रकल्पग्रस्त व्यक्ती' आहेत. मला यात लबाडी दिसत नाही. भाषेने कारकुनाच्या नकळत खरं बोलून टाकलं, इतकंच. अर्जावर 'प्रकल्पग्रस्त' लिहून त्याखाली सही करणारा माणूस रोज राहूचं नाव घेतो आणि त्याला त्याची गंधवार्ता नसते.

तिसरा शब्द गावचा. खापरी-शिवणगावकडचा माणूस म्हणतो, "आमचं वावर गेलं जी मिहानात." विकलेल्या वावराबद्दल तो 'विकलं' म्हणेल, कर्जात हातचं सुटलं तर 'बुडालं' म्हणेल. इथे तो 'गेलं' म्हणतो. आजोबा गेले, आई गेली, वावर गेलं. यात राहू नाही, चोर नाही, दोषही कुणाला दिलेला नाही. फक्त जे गेलं ते परतणारं नाही, एवढं त्या क्रियापदातून कळतं. मोबदला किती, वाढीव किती, यावर वर्षानुवर्षं चर्चा होते. पण एका बाजूला 'संपादन' आणि दुसऱ्या बाजूला 'गेलं' असेल, तर त्या चर्चेत दोन्ही पक्ष एकाच घटनेबद्दल बोलत असतात का, याची मला शंका वाटते. याच माणसाचं पुढचं वाक्य कधीकधी असं असतं: "माहं वावर होतं तिथंच आता पोरगं सेक्युरिटीत लागलं." हा 'लागलं'ही चाखून पाहण्यासारखा आहे. मराठीत नोकरी लागते, तशीच भूक लागते, झोप लागते, आग लागते, नजर लागते. स्वतः होऊन येऊन चिकटणाऱ्या गोष्टी. 'पोराने नोकरी मिळवली' म्हणायची पद्धत कमी. त्याच आवारातल्या आयटी कंपनीत मात्र काम नसलेला इंजिनिअर सांगतो, 'सध्या बेंचवर आहे'. खेळाच्या मैदानावरचा हा बाकडा, त्यामुळे घरी बसावं लागण्याची भीती 'कधीही आत बोलावतील' या आशेखाली झाकली जाते.

आता सगळ्यात मोठं गर्भित रूपक, जे प्रकल्पाच्या नावातच आहे. मिहान हे इंग्रजी आद्याक्षरांचं नाव, आणि त्यातला 'ह' म्हणजे कार्गो हबमधला हब. हब म्हणजे चाकाचा तुंबा, ज्यात सगळे आरे येऊन बसतात. नागपूर देशाच्या मध्यावर, इथे झीरो माइलचा दगड, मग तुंबा इथेच असणार, हा युक्तिवाद इतका गुळगुळीत वाटतो की त्यात युक्तिवाद आहे हेच विसरायला होतं. गोल चाकाचा मध्य आणि तुंबा एकाच जागी असतात, हे खरं. पण देशाची वाहतूक म्हणजे गोल चाक, हे कुणी सिद्ध केलं?

एकेकाळी ते जवळजवळ खरं होतं, आणि हा इतिहास नागपूरकरांनी अधिक अभिमानाने सांगायला हवा. 1949 च्या जानेवारीत भारतात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून विमानं संध्याकाळनंतर निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर भेटत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परते. इथे चार आरे होते, तुंबा होता, आणि मध्यावर असण्याला रोख किंमत होती. डकोटासारख्या संथ विमानांना एका रात्रीत जाऊन परतायचं, तर भेटीची जागा मध्यावरच हवी. अमेरिकेत फेडरल एक्सप्रेसने मेम्फिसहून हीच पद्धत उभी केली ती 1973 साली, म्हणजे नागपूरनंतर चोवीस वर्षांनी. आणि मेम्फिस अमेरिकेच्या भौगोलिक मध्यावर नाही. अलास्का आणि हवाई वगळली तर तो मध्य कॅन्सस राज्यात येतो. जेट विमानांच्या काळात तुंबा कुठे बसवायचा हे हवामान, धावपट्टी, रात्री उतरण्याची मोकळीक, आसपासचा माल, अशा गोष्टींवर ठरतं. चाकाचं रूपक यातलं काहीच सांगत नाही. ते फक्त नकाशा दाखवतं.

एकदा चाक मनात बसलं की त्याचं गणगोत मागोमाग येतं. प्रकल्प 'रखडला', त्याला 'खीळ बसली', तो 'रुतला', मग 'मार्गी लागला', त्याला 'गती मिळाली'. मिहानबद्दलच्या गेल्या वीस वर्षांतल्या बातम्या चाळल्या तर गाडीवाटेवरचं सगळं सामान सापडेल. त्यांच्या जोडीला पक्ष्याचं कुटुंब: झेप, भरारी, पंख, उड्डाण. विमानतळाच्या प्रकल्पाचं 'उड्डाण' रखडलं, असं वाचलं की नेमकं कोणतं विमान उशिरा आहे, असं क्षणभर वाटतं. 2015 साली इथे एअर इंडियाचं विमान देखभाल केंद्र सुरू झालं. तिथे विमानं खरोखरच जमिनीवर, पंख उघडून, दुरुस्तीला उभी असतात, आणि शेजारच्या बातमीत प्रकल्प आकाशात झेपावतो. यात विनोद आहे, पण थोडं नुकसानही आहे. 'रखडला' म्हटल्यावर आपण 'केव्हा सुटणार' असं विचारतो. 'जायचं कुठे ठरलं होतं' हा प्रश्न मागे पडतो.

असं लपलेलं रूपक खरोखर माणसाचं मत फिरवतं का? 2011 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या पॉल थिबोडो आणि लेरा बोरोडित्स्की यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका काल्पनिक शहरातल्या गुन्हेगारीबद्दलचा मजकूर लोकांना वाचायला दिला. आकडे सगळ्यांना तेच. फरक एवढाच, की काहींच्या मजकुरात गुन्हेगारी हिंस्र पशू होती, तर काहींच्या मजकुरात विषाणू. पशू वाचलेल्यांनी पोलीस, पकडापकडी, शिक्षा असे उपाय जास्त सुचवले. विषाणू वाचलेल्यांचा कल कारणं शोधून सुधारणा करण्याकडे अधिक होता. तुम्ही हे कशावरून ठरवलं, असं विचारल्यावर बहुतेकांनी आकड्यांकडे बोट दाखवलं. पुढे इतर संशोधकांनी केलेल्या काही चाचण्यांत हा परिणाम तितका ठसठशीत दिसला नाही. त्यामुळे एका शब्दाने माणूस पुरता फिरतो, असं म्हणणं आततायीपणाचं. पण शब्दाचा धक्का लागला तरी तो आठवत नाही, हे निरीक्षण मला पटतं. 'भाव कडाडले' वाचून आपण आभाळाकडे पाहतो, व्यापाऱ्याकडे नाही. कापसाचे भाव 'कोसळतात', कुणी पाडत नाही.

जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी 1980 च्या आपल्या पुस्तकात इंग्रजीबद्दल दाखवलं, की तिथे वाद म्हणजे युद्ध. हे विधान मराठीला जसंच्या तसं लावणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. आपल्याकडे वाद उकरून काढतात, म्हणजे तो पुरलेला असतो. तो पेटतो, आणि चिघळतो, म्हणजे जखम असतो. शेवटी त्यावर पडदा टाकतात, म्हणजे नाटक होतं. मुद्दा खोडतात तो पाटीवरच्या अक्षरासारखा. युद्धही आहे, पण गर्दीत एक.

ही क्रियापदं उलगडायला मोठं शास्त्र लागत नाही. 'हे काम मुळात कोण करतं?' एवढं विचारायचं. चिघळतं कोण? जखम. रखडतं कोण? दमलेला, पाय ओढणारा माणूस. घरघर कुणाला लागते? अखेरच्या श्वासाला. जे उत्तर येईल ते लपलेलं टोक. मग दुसरा प्रश्न: त्या टोकाबरोबर न विचारता आणखी काय काय घरात शिरलं?

विदर्भातल्याच महानुभाव परंपरेने या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी देण्याची शिस्त पाळली होती. केसोबासाच्या 'दृष्टांतपाठा'ची मांडणी तिपेडी आहे: आधी चक्रधरांचं सूत्र, मग दृष्टांताची गोष्ट, मग दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्टीतलं काय कशाला लावायचं याचा खुलासा. काहीही अध्याहृत ठेवायचं नाही. एकनाथांचं भारूड दुसऱ्या टोकाला: विंचू, बहिरा, जोशी असं सोंग समोर नाचतं आणि अर्थ बराचसा श्रोत्यावर सोडलेला असतो. नागपूरचे कवी ग्रेस तर याच्याही पुढे गेले. 1967 च्या 'संध्याकाळच्या कविता'पासून त्यांच्यावर दुर्बोधतेचा शिक्का बसला. माझ्या मते त्याचं कारण अवघड शब्दांत नाही. त्यांच्या कवितेत पाऊस, आई, संध्याकाळ ही उपमानं गिळून बसलेली असतात आणि काय गिळलं ते सांगत नाहीत. मम्मटाला हे ओळखीचं वाटलं असतं. वैतागही आला असता. वाचकाने ग्रेस वाचताना केसोबासाचा खुलासा मागू नये. वर्तमानपत्र वाचताना मात्र जरूर मागावा.

आणि विदर्भाच्या राजकारणातला सगळ्यात टिकाऊ शब्द घेतला, तर असा खुलासा मागण्याची सोय तिथे आहे: अनुशेष, म्हणजे विकासाची राहिलेली बाकी. हा हिशेबवहीतला शब्द. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने 1984 च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपये काढला, आणि त्यातला साधारण 39 टक्के विदर्भाचा होता. वही म्हटली की दोन्ही पक्ष एकाच घरातले, बाकी फेडता येणारी, आणि एक दिवस खातं मिटणारं. 'पळवला'मध्ये असं मिटण्याची सोयच नसते. चोराकडून फक्त परत आणायचं असतं. म्हणूनच 'अनुशेष' म्हणत विदर्भाला विधिमंडळात वर्षानुवर्षं आकडे मागता आले. पण वहीची मर्यादाही याच शब्दाने दाखवून दिली. सिंचनाच्या खात्यावर ठरलेले पैसे पडले, त्या हिशेबाने बाकी संपत आली, आणि अमरावती विभागातल्या वावरांत पाणी काही पोचलेलं नव्हतं. तेव्हा आर्थिक अनुशेष आणि भौतिक अनुशेष अशी दोन खाती करावी लागली. पहिलं रुपयांत मोजतात, दुसरं हेक्टरांत.